बघून सांगते

आभाळ नऊ दिवस नुसतं भरून राहिलं होतं. पडायचं नाव नाही आणि हटायचंही नाही. अशा हवेत कौलं वाळत नाहीत. पडवीत ओळीने मांडलेल्या कौलाला हात लावला की बोटाचा ठसा उमटायचा. भट्टीत एक जरी ओलं कौल गेलं तर ते फुटतं, आणि एकटं फुटत नाही, शेजारच्या चौघांना घेऊन फुटतं. मागच्या भट्टीत तेच झालं होतं. त्यामुळे माझा भाऊ सकाळी उठला की आभाळाला शिव्या द्यायचा, आभाळ ऐकून घ्यायचं, आणि आम्ही परत खड्ड्यात उतरून चिखल तुडवायला लागायचो.

आम्ही म्हणजे चौघं. भाऊ, भावजय, त्यांची आठ वर्षांची पोरगी आणि मी, तिची आत्या. पोरीला घरात सगळे ठकी म्हणतात. भाजलेल्या कौलावर बोटाच्या पेराने ठकठक करून ती चांगली एकीकडे आणि तडकलेली एकीकडे लावते, म्हणून ठकी. मी भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी. नांदायला गेले होते, चार वर्षांनी परत आले. येताना दोन लुगडी आणि दुखरे गुडघे एवढंच आणलं.

त्या दिवशी शाळेचे गुरुजी खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. गुरुजी कधी आमच्याकडे येत नाहीत. माणूस चांगला, पण थकलेला. चार वर्ग एकटे सांभाळतात, आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घेतात. त्यांच्या हातात एक कागद होता.

"अहो कौलवाले," ते भावाला म्हणाले, "जरा वर या. सही लागेल."

भाऊ वर गेला नाही. पाय पोटरीपर्यंत चिखलात, एकदा काढले की परत लय लागत नाही. "कसली सही?"

"परवा तपासणीच्या बाई आल्या होत्या ना, पेटी घेऊन. मुलांच्या बुद्धीची तपासणी केली. तुमच्या मुलीचा निकाल बरा नाही."

"नापास?"

"नापास असं नाही म्हणत. तिची गती कमी आहे. तिला वेगळ्या खोलीत बसवायचं. त्रास काही नाही तिथे. मणी ओवायचे, चित्रं रंगवायची. तिलाही बरं वाटेल."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. घरात बाहेरच्या जगाशी भांडायचं खातं माझ्याकडे आहे. मी फावडं टेकवलं आणि विचारलं, "आणि पुढच्या वर्षी चौथीत?"

गुरुजींनी श्वास घेतला. "त्या खोलीला चौथी नसते, ताई."

"मग काय असतं?"

"तीच खोली असते."

भावजय पडवीत कौलं उलटी करत होती, तिचे हात थांबले. गुरुजींना अवघडल्यासारखं झालं असावं. ते म्हणाले, "मला काय हौस आहे का? मूल म्हणजे मातीचा गोळा. आपण आकार द्यायचा, बस. पण गोळ्याने धरायला नको का आकार?"

आता हे बोलायचं ठिकाण तरी बघावं की नाही! भाऊ एरवी हसत नाही, पण त्या दिवशी हसला. "गुरुजी, उतरा खाली. दोन तास तुडवा. गोळा कोणाचं ऐकतो का बघा. तुम्ही त्याचं ऐकलं तर तो कौल होतो, नाहीतर तुमच्या तोंडावर फुटतो."

गुरुजी हसले नाहीत. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. माझा हात चिखलाचा होता, कोपऱ्यावर पाच बोटं उठली. "बाई पुढच्या सोमवारी परत येणार आहेत," ते म्हणाले. "तोवर विचार करा. मी त्यांना म्हणेन, आणखी एकदा तपासा. पण पोरगी बोलली पाहिजे. ती बोलतच नाही."

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना ताई. इथे हात कमी पडतात. नाहीतरी कौलंच लावणार आहे ती."

"गप बस," मी म्हणाले. "तू सही करशील तर मी तुझं तोंड बघणार नाही."

तो खाली बघून तुडवत राहिला. त्याला माहीत आहे मी का चिडते ते. मला सासरहून परत पाठवलं तेव्हा एका कागदावर अंगठा घेतला होता. म्हणाले, जा माहेरी चार दिवस, हा नुसता निरोपाचा कागद आहे. गाडीत शेजारी एक परका माणूस बसला होता, त्याला मी तो दाखवला. त्याने वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, यात तुम्ही स्वतःच्या मर्जीने घर सोडून चालला आहात असं लिहिलंय. परक्या माणसाकडून मी ते ऐकलं, भर गाडीत. म्हणून ठकीने वाचायला शिकायचं होतं. तिने मोठी साहेबीण व्हावं असं मी कधी म्हटलं नाही. समोर आलेला कागद तिचा तिला वाचता यावा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. पाय धुऊन गेले होते, पण नखांतला चिखल काही निघत नाही. दारातल्या शिपायाने माझ्या पायांकडे बघून एक गोणपाट पुढे सरकवलं. "यावर उभ्या राहा, आत्ताच पुसून घेतलंय." मी गोणपाटावर उभी राहिले. तिथून ती वेगळी खोली दिसायची. आत सात पोरं होती. दोन विटा पाडणाऱ्यांची, तीन दगडफोड्यांची, एक धनगराचं आणि एक ज्याच्या आईबापाचं कोणालाच ठाऊक नाही असं. सगळी निवांत मणी ओवत होती. दुकानदाराचा सोन्या मात्र शेजारच्या वर्गात पुढच्या बाकावर बसला होता, चपला उलट्या घालून. तो पास.

गुरुजींना मी तो कागद सही न करता परत दिला आणि विचारलं, "आमच्या पोरीने केलं तरी काय?"

"काही केलं नाही, तेच तर. बाईंनी गाईचं चित्र दाखवलं, विचारलं हे काय आहे? ही खाली मान घालून बसली. कपाचं दाखवलं, तेच. मग विचारलं, समज, एका झाडावर सात पाखरं बसलीत, तीन उडाली, किती राहिली? तर म्हणाली, बघून सांगते."

"मग?"

"मग उठून बाहेर गेली! अंगणात जाऊन झाडाकडे बघून आली, आणि म्हणाली, एकच कावळा आहे." गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बाईंनी लिहिलं, सूचना समजत नाही, जागेवर बसत नाही. मी तरी काय बोलणार?"

मला हसू आलं. जाता जाता मीही त्या झाडाकडे बघून घेतलं.

दुपारी आम्ही दोघी नाल्यावर वाळू आणायला गेलो. साच्यात चिखल चिकटू नये म्हणून आधी वाळू भुरभुरावी लागते. शाळेपासून अर्ध्या मैलावर हा नाला आहे, पलीकडे दुसरी वस्ती. तेव्हा त्यात घोटाभर पाणी होतं. ठकी टोपलीत वाळू भरत होती.

"ठके, बाईंनी गाय दाखवली तेव्हा बोलली का नाहीस? गाय ओळखता येत नाही तुला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "त्यांना दिसत होती की गाय. त्यांच्याच हातात होती."

"मग सांगायचं ना गाय म्हणून!"

"त्यांना माहीत होतं. मला वाटलं मी काहीतरी बिघडवलं."

मी टोपली खाली ठेवली. खरंच की. आमच्याकडे कोणी कोणाला 'हे काय आहे' असं विचारतं ते कधी? वाकडं कौल हातात धरून, डोळे वटारून. तेव्हा मान खाली घालायची असते. आणि एरवी ज्याला जे माहीत आहे ते तो विचारत नाही, विचारायला वेळ कोणाला आहे? विचारायचं ते माहीत नाही म्हणून. वरच्या ओळीतली वाळली का? सरपण भिजलं का? अशा वेळी पोराला दोनच उत्तरं शिकवलेली. माहीत असेल तर सांग. नसेल तर म्हण, बघून सांगते, आणि जाऊन बघ. अंदाजाने बोललेलं आमच्याकडे खपत नाही. एका अंदाजात महिनाभराचा चिखल वाया जातो. ठकी चार वर्षांची असताना बापाने विचारलं, सावलीतली वाळली का, ती खेळता खेळता हो म्हणाली. वाळली नव्हती. तेव्हा तिला एक थोबाडीत बसली होती. मारणारी मीच होते.

म्हणजे शाळेत ती आमच्याच शिकवणीने वागत होती, अक्षर न अक्षर. आणि तिथे तिला मंद म्हणून लिहिलं होतं.

त्यातून वाट मला दुकानात सापडली. संध्याकाळी मी मीठ आणायला गेले होते. दुकानदार गल्ल्यावर बसला होता आणि सोन्या पोत्यावर. दुकानदाराने वडी उचलली, "सोन्या, हे काय?"

"साबण!"

"शाब्बास! आणि हे?"

"काडेपेटी!"

"अरे वा! काकूंना सांग बरं, गाईला पाय किती?"

"पाच!"

"चार रे गधड्या," दुकानदार हसून म्हणाला आणि त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. चुकल्यावरही गूळ! मी मीठ घ्यायचं विसरून बघत उभी राहिले. वीस वर्षं साबण विकतो हा बाबा, त्याला साबण ओळखता येत नाही का? पण मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा घरातच शाळा खेळतो. सोन्याला दिवसभर ही सवय आहे की मोठी माणसं उगाच विचारतात, आणि आपण फटकन काहीतरी बोललो की खूश होतात. पेटीवाल्या बाईच्या पुढ्यात तो बसला तेव्हा त्याला ते घरच वाटलं असणार. आमची पोरगी मात्र परक्या मुलखात गेल्यासारखी बसली.

घरी येऊन मी जाहीर केलं. "उद्यापासून या घरात सगळं विचारायचं. माहीत असलं तरी विचारायचं."

भाऊ म्हणाला, "तुला हवा लागली का?"

सहा दिवस होते. चिखल तुडवता तुडवता मी सुरू केलं. फावडं उचललं, "ठके, हे काय?"

ती माझ्याकडे, मग फावड्याकडे, मग परत माझ्याकडे बघायला लागली. "काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. नुसतं सांग."

"फावडं."

"शाब्बास!"

भाऊ तुडवता तुडवता थांबला. "डोळे गेले का तुझे?"

"तू तुडव. ठके, हे?"

"चिखल कापायची तार."

"हे कोण?"

"बाबा." आणि ती खुदकन हसली. तिला तो खेळ वाटला. दोन दिवस मजेत गेले. भावजयसुद्धा पडवीतून ओरडून विचारायची, "ठके, मी कोण गं?" भाऊ म्हणायचा, या घरात आता कोणाला काही माहीत राहिलेलं नाही.

अवघड होतं ते पुढचं. मी विचारलं, "समज, खड्ड्यात दहा बेडूक आहेत, चार बाहेर गेले."

ती उठायला लागली. "बघून सांगते."

"बस खाली! कुठे जायचं नाही. बेडूक नाहीतच."

"मग विचारतेस कशाला?"

"ते तुला काय करायचंय? समज, आहेत."

तिला ते समजायला दीड दिवस लागला. नसलेल्या गोष्टींची मोजदाद का करायची, ते मलाही नीट सांगता येईना. पण एकदा जमल्यावर भराभर जमलं. हिशोबात ती कच्ची नव्हतीच, बापाच्या आधी कौलांच्या ओळी मोजायची. अडायचं ते एकाच ठिकाणी. उत्तर येत नसलं की ती गप्प व्हायची, आणि डोळे दाराकडे जायचे.

"गप्प बसायचं नाही," मी म्हणाले. "नाही आलं तरी काहीतरी बोल."

"चुकीचं बोलू?"

"बोल."

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही गं. जे तोंडात येईल ते. पटकन. थांबलीस की बाई शून्य लिहितात."

तिने खाली बघितलं. चिखलात पायाच्या बोटाने रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, "आत्या, तू मारशील."

देवाशपथ, त्या क्षणी मला ते सगळं थांबवावंसं वाटलं होतं. पण डोळ्यांसमोर ती खोली होती, आणि मणी. मी तिला जवळ घेतलं, दोघी चिखलाने माखलेल्या, आणि म्हणाले, "नाही मारणार. कोणीच नाही मारणार. चुकलीस तरी शाब्बास म्हणेन." आणि म्हटलंही. शनिवारपर्यंत पोरगी तयार झाली. विचारलं की उत्तर, लाह्या फुटाव्यात तसं. मान वर, आवाज खणखणीत. मी पडवीतल्या ओल्या कौलांकडे बघून म्हणाले, बघा, हिची भट्टी लागली, तुम्हीच राहिलात.

फक्त भावजय शनिवारी माझ्याजवळ येऊन बसली. ती कमी बोलते. "वन्सं, सकाळी तिला आवाज दिला, चुलीवरचं दूध बघ, वर आलं का. जागेवरूनच म्हणाली, नाही आलं. उतू गेलं सगळं."

"पोर आहे. खेळात असेल."

"आधी कधी झालं नव्हतं असं."

"सोमवार जाऊ दे," मी म्हणाले. "मग बघू."

रविवारी वरच्या अंगाला डोंगरात गडगडलं. आमच्याकडे तेच कोरडं, कोंदट आभाळ. सोमवारी सकाळी मी ठकीच्या नखांतला चिखल काडीने काढला, तेल लावून वेणी घातली आणि तिला घेऊन शाळेत गेले. गोणपाटावर उभी राहिले नाही, बाहेरच पायरीवर बसले. खिडकी उघडी होती.

पेटीवाली बाई तरुण होती, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकटीने तीस शाळा करायच्या, जाईल तिथे ती पेटी उचलून न्यायची. हातातल्या घड्याळाची कळ दाबून तिने सुरुवात केली.

"हे काय आहे?"

"गाय."

"हे?"

"कप."

"छान! समज, एका झाडावर सात पाखरं आहेत..."

"चार."

"अगं, पुढचं ऐक तरी," बाई हसली. मलाही पायरीवर हसू फुटलं, तोंडावर पदर धरला. एकामागून एक. ठोकळे लावले, चित्रं जुळवली, ढगांतून पाऊस का पडतो ते सांगितलं. ते चुकीचं सांगितलं, पण काय तोऱ्यात सांगितलं! अर्ध्या तासाने बाई तिला घेऊन बाहेर आली. मागून गुरुजी आले, त्यांचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता.

"मावशी, आठ दिवसांत केवढा फरक," बाई म्हणाली. "पहिल्यांदा घाबरली असेल. मी आता नवीन कागद केला. तिला कुठे हलवायची गरज नाही."

"चौथीत जाईल?"

"जाईल की."

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले, ती मागे सरकली, "अहो, काय करता!" गुरुजी वर्गात ओरडा झाला म्हणून आत गेले. बाईने पेटीचा पट्टा खांद्यावर टाकला. तिला पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत जायचं होतं. लांबून पूल आहे, पण तिथून जायचं तर तासभर जास्त.

ठकीकडे वळून ती सहज म्हणाली, "काय गं, नाल्यात आज पाणी किती आहे? उतरून जाता येईल?"

"गुडघाभर आहे," ठकी म्हणाली. मान वर, आवाज खणखणीत. "जाता येईल."

"शाब्बास," बाई म्हणाली आणि निघाली.

मी ठकीचा हात धरून घरच्या वाटेला लागले. अंग हलकं झालं होतं. अर्धी वाट गेले असेन, तेव्हा कान उघडले. लांबून घरघर येत होती, पाण्याची. काल डोंगरात गडगडलेलं आता खाली पोचत होतं.

"ठके, तू कधी गेली होतीस नाल्यावर?"

"वाळू आणायला."

"त्यानंतर?"

"नाही गेले."

"मग गुडघाभर कसं सांगितलंस?"

ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "त्यांनी विचारलं ना."

पूर्वीची पोर असती तर बाईचं बोलणं संपायच्या आत धावत जाऊन आली असती. मी वळले. आणि खोटं कशाला बोलू, वळून दोन-चार श्वास मी तशीच उभी राहिले. बाईला गाठून सांगायचं काय? पोरीला माहीत नव्हतं, तरी तिने सांगितलं. आणि मग ती विचारणार, मघाची उत्तरं कशी दिली? कागद पेटीतच होता. फाडायला किती वेळ लागतो? नाही सांगितलं तर बाई काठावर जाऊन पाणी बघेलच की, डोळे आहेत तिला. पण गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही, आणि तिला तर पोरीने सांगितलं होतं गुडघाभर. ती भरवशावर उतरणार. माझी पोर म्हणाली म्हणून उतरणार.

मी पळायला लागले. या गुडघ्यांनी किती वर्षांत पळणं बघितलं नव्हतं. मागे ठकी. मी ओरडत होते, "बाई! ओ बाई! उतरू नका!"

पोचले तेव्हा ती मांडीपर्यंत पाण्यात होती. पेटी डोक्यावर धरलेली, एक पाय पुढे टाकायला उचललेला आणि तो टेकायला तळ सापडत नव्हता. पाणी तांबडं, वाहून आलेल्या फांद्या फिरत होत्या. मी काठाच्या झुडपाला धरून पाण्यात उतरले आणि हात पुढे केला. तिने आधी पेटी दिली, मग हात. बाहेर ओढताना तिची नडगी दगडावर सोलवटली. दोघी काठावर फतकल मारून बसलो आणि कितीतरी वेळ नुसतं धापा टाकत राहिलो.

"गुडघाभर म्हणाली होती," बाई म्हणाली.

"तिला माहीत नव्हतं. आठ दिवस ती इकडे आलीच नाही."

बाईने ठकीकडे बघितलं. "माहीत नव्हतं तुला?"

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

ठकीने माझ्याकडे बघितलं. हे उत्तर मी तिला शिकवलं नव्हतं.

मग मीच बोलले. आता राखायला काय उरलं होतं? सगळं सांगितलं. आमच्याकडे माहीत असलेलं विचारत नाहीत, माहीत नसलेलं बोलत नाहीत, जाऊन बघतात. ती अंगणात गेली ती पाखरं मोजायला गेली होती. आणि मग सहा दिवस मी तिला काय शिकवलं, कसं शिकवलं, चुकीलाही शाब्बास कशी म्हणाले. बाई ऐकत होती. नडगीवरून रक्ताचा ओघळ घोट्यापर्यंत आला, तो तिने पुसला नाही.

"पहिल्या दिवशी ती बाहेर गेली, तेव्हा मी घड्याळ चालूच ठेवलं होतं," ती शेवटी म्हणाली. "तिच्या वेळात धरलं ते."

तिने पेटी उघडली. आत दोन कागद होते, जुना आणि नवा. जुन्यावर माझी पाच बोटं. दोन्ही तिने ओल्या मांडीवर ठेवले आणि बघत बसली.

"मावशी, मी आता काय लिहू?"

"तुम्ही शिकलेल्या. मला काय विचारता?"

"मला खरंच कळत नाही."

ती थट्टा करत नव्हती. इतकं शिकून तिला कळत नव्हतं, आणि मला विचारत होती, चिखलात लोळलेल्या बाईला. मला राग आला आणि तिची कीवही आली. मी म्हणाले, "मलाही माहीत नाही. पण तिला त्या खोलीत घालू नका. पाया पडते."

तिने जुना कागद चार घड्या करून पाण्यात सोडला. नवा पेटीत ठेवला. "राहू दे. पास आहे ती," ती म्हणाली, पण असं, जसं एखादं तडकलेलं कौल चांगल्यात खपवावं. मग पुलाच्या रस्त्याने लंगडत निघून गेली.

आम्ही दोघी घराकडे चाललो. वाटेत ठकीकडे बघायचं टाळून मी ओला पदर पिळत चालले. काय बोलणार? मारलं तर कोणाला, आणि शाब्बास म्हटलं तर कशाला? तिने माझं बोट धरलं होतं. मध्येच तिने विचारलं, "आत्या, मी चुकले?" आणि मला तिच्यासारखंच फटकन काहीतरी बोलून मोकळं व्हावंसं वाटलं. मी बोलले नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

भाऊ खड्ड्यात होता. आम्हाला बघून थांबला, कपाळाचा घाम दंडाने पुसला. माझं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं त्याला दिसलं असणार. त्याने ठकीला विचारलं, "काय झालं गं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "छान झालं. सगळं छान झालं."

"शाब्बास," भाऊ म्हणाला आणि पुन्हा तुडवायला लागला. मी लुगडं वर खोचलं आणि त्याच्या शेजारी खाली उतरले.